थकलेल्या लेकरांची रात्र

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही गुरुवारांत आरतीनंतर लोक गुरुमाऊलींपाशी बसतात तेव्हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे. "मुलगा पुण्याला आहे, पॅकेज चांगलं आहे, पण फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. काही मंत्र द्या." "सून इंदूरला दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटीवरून आली की आधी बाथरूममध्ये जाऊन रडते. काही बाहेरचं तर नसेल?" "जावई बँकेत आहेत, रविवारीसुद्धा टार्गेटचे फोन. कुठला पाठ करावा?" विचारणारे सगळे आई-बाप आणि सासू-सासरे. ज्यांच्याविषयी विचारलं जातं ती लेकरं मात्र सत्संगात नसतात. ती कुठेतरी लॅपटॉपसमोर नाहीतर वॉर्डात उभी असतात. म्हणून या वेळचं पत्र फॅमिली ग्रुपवर टाकण्यासारखं लिहितो आहोत. आई-बाप वाचतील, आणि रात्री अकराला जेवता जेवता का होईना, लेकरंही वाचतील.

बाहेरच्याचं आधी सांगून टाकू. बाहेरचं काही नाही. असलंच तर ते रात्री साडेअकराला वाजणाऱ्या फोनमधून येतं. त्याला लिंबू-मिरची चालत नाही.

मंत्र हवा असणाऱ्यांची थोडी निराशा होईल. गुरुमाऊलींनी या प्रश्नाला मंत्र दिला नाही, असीरगडाकडे बोट दाखवलं.

असीरगड आपल्याला रोजचा. किल्ल्यावरच्या महादेवाच्या मंदिरात पहाटे अश्वत्थामा पूजा करून जातो, पिंडीवर ताजं फूल सापडतं, कुणाला वाटेत भेटला तर कपाळावरच्या जखमेला तेल मागतो, ही गोष्ट आपण सगळे आजीच्या मांडीवर ऐकलेली. दुरून लोक ते बघायला येतात, मोबाईलमध्ये व्हिडिओ काढतात. तो खरंच येतो की नाही हा वाद इथे नको. पण तो भटकत का राहिला, हे मात्र आपण फारसं कुणाला सांगत नाही.

महाभारतात एक पर्वच त्या एका रात्रीचं आहे, सौप्तिक पर्व. सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांविषयीचं. युद्ध संपलेलं, दुर्योधन मांडी मोडून पडलेला. कौरवांकडचे तिघंच उरले: अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा. तिघं रानात एका वडाखाली थांबले. दोघांना लगेच झोप लागली. अश्वत्थामा जागा. बापाच्या मृत्यूचा राग, अपमान, पुढं काय करायचं याचा विचार, डोळा लागेना. तेवढ्यात वडावर झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड आलं आणि एकेकाला मारत सुटलं. अश्वत्थाम्याला त्यातून युक्ती सुचली. त्यानं दोघांना उठवलं आणि म्हणाला, पांडवांच्या छावणीत सगळे झोपलेत, आत्ताच जाऊ.

कृपाचार्य त्याचे मामा. त्यांनी काय सांगितलं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी त्याला आधी वडीलधाऱ्यांना विचारायला सांगितलं. मग म्हणाले, बाळा, तू किती रात्री जागा आहेस. आज झोप. सकाळ होऊ दे. सकाळी लढायचंच असेल तर मी तुझ्याबरोबर असेन. अश्वत्थामा म्हणाला, मला कुठली झोप? दुःखी माणसाला, रागावलेल्याला, पैशाची चिंता लागलेल्याला, वासनेत अडकलेल्याला झोप येते का कुठं? आणि तो निघाला. त्या रात्री त्यानं झोपलेल्या माणसांना मारलं. द्रौपदीची पाचही मुलं त्यात गेली.

पुढं श्रीकृष्णांनी शाप दिला तो असा: तीन हजार वर्षं एकटा भटकशील, सोबतीला कुणी नसेल, बोलायला कुणी मिळणार नाही. मरणाची शिक्षा दिली नाही. एकट्यानं भटकणं आणि बोलायला कुणी नसणं दिलं. आज आपली किती लेकरं काही पाप न करता हीच शिक्षा भोगताहेत, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरात बघावं.

आता याच महाभारतातली दुसरी रात्र. चौदाव्या दिवशी जयद्रथ पडला, पण सूर्यास्त झाला तरी युद्ध थांबलं नाही. मशाली पेटवून रात्रीही लढले. घटोत्कच त्याच रात्री गेला. शेवटी सैनिकांची अवस्था अशी झाली की उभ्या उभ्या पेंगताहेत, हातातलं शस्त्र गळतंय, झोपेच्या गुंगीत आपला कोण, परका कोण कळेना. तेव्हा अर्जुन मोठ्यानं ओरडून म्हणाला, तुम्ही सगळे थकलात, तुमचे घोडे-हत्ती थकले, अंधार आहे, धूळ आहे. इथंच रणांगणावर थोडं झोपा. चंद्र उगवला की पुन्हा लढू. हे त्यानं फक्त आपल्या सैन्याला नाही, शत्रूच्याही सैन्याला सांगितलं. दोन्हीकडच्यांनी शस्त्रं खाली ठेवली. कुणी रथात, कुणी घोड्याच्या पाठीवर, कुणी हत्तीच्या मानेवर, कुणी मातीत, जो जिथं होता तिथं झोपला. झोपण्याआधी कौरवांच्या सैनिकांनीसुद्धा अर्जुनाला आशीर्वाद दिला.

विचार करा, त्या युद्धात राज्य कुणाचं हे ठरायचं होतं. आपल्या कुठल्या कंपनीची डेडलाइन त्याहून मोठी असेल?

गुरुमाऊली म्हणतात, धर्म कुठं आहे हे मोठ्या शब्दांवरून ओळखू नका, झोपलेल्या माणसाशी कोण कसं वागतं त्यावरून ओळखा. एकानं शत्रूला झोपू दिलं. दुसऱ्यानं झोपलेल्यांना मारलं. एक नराचा अवतार म्हणवला, दुसरा अजून आपल्या डोंगरात तेल मागतो आहे.

आता पुण्याची गोष्ट. ती बहुतेकांनी बातम्यांत वाचली आहे. 2024 सालच्या मार्चमध्ये केरळातली एक 26 वर्षांची मुलगी अर्न्स्ट अँड यंग समूहाच्या पुण्यातील कार्यालयात रुजू झाली. नुकतीच सीए झालेली, पहिलीच नोकरी. 20 जुलैला ती गेली. जेमतेम चार महिने झाले होते ना, तेवढ्यात. सप्टेंबरमध्ये तिच्या आईनं कंपनीच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सगळ्या देशानं वाचलं. तिचं नाव इथे घेत नाही. कुणाची तरी लेक आहे, एवढं पुरे.

आईनं लिहिलं ते असं. जुलैच्या सुरुवातीला आई-वडील तिच्या पदवीदान समारंभासाठी पुण्याला आले. आपल्या कमाईच्या पैशातून आई-बापाला हा सोहळा दाखवायचा, हे तिचं स्वप्न होतं. तिकिटंही तिनंच काढली. त्याआधी आठवडाभर तिच्या छातीत आवळल्यासारखं होत होतं म्हणून आई-वडिलांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक आला. डॉक्टर म्हणाले, झोप कमी आहे, जेवायला उशीर होतो. गोळ्या दिल्या. आणि मुलगी तिथून पुन्हा कामावर गेली, काम खूप आहे, सुट्टी मिळणार नाही म्हणून. समारंभाच्या दिवशी, रविवारी, ती दुपारपर्यंत घरून काम करत होती आणि समारंभाला उशिरा पोहोचली. तिच्या अंत्यविधीला कंपनीतून कुणी आलं नाही, हेही आईनं लिहिलं.

कामाच्या ताणानं जीव गेला असं आम्हांला वाटत नाही, असं कंपनीकडून सांगण्यात आलं. वैद्यकीय कारण ठरवणं आपलं काम नाही, आणि दुरून कुणाला दोषी ठरवणं हेही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं दखल घेतली, केंद्राच्या कामगार मंत्रालयानंही चौकशीचं सांगितलं. ते त्यांचं काम. आपण फक्त त्या पदवीदानाच्या दिवसाकडे बघू. आई-बाप थांबलेले, आणि लेक काम संपवते आहे. हे दृश्य आपल्या किती घरांत रोज घडतं? दिवाळीला आलेला मुलगा लक्ष्मीपूजनाच्या वेळी कानात इयरफोन घालून गच्चीवर. "येतोच आई, पाच मिनिटं." आणि आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, "फार मोठं काम आहे त्याच्याकडे, अमेरिकेची माणसं लाईनवर असतात."

हे फक्त कोवळ्या पोरांचं आहे असं समजू नये. 2025 च्या जुलैमध्ये बारामतीत एका बँकेचे 52 वर्षांचे मुख्य व्यवस्थापक गेले. त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. काही दिवस आधीच कामाचा ताण आणि तब्येत ही कारणं देऊन त्यांनी राजीनामा दिला होता. म्हणजे माणूस बोलला होता. कागदावर लिहूनसुद्धा दिलं होतं. नोटिशीचा काळ चालू होता.

तेव्हाच्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाची मर्यादा दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास होती. कायदा कपाटात, आणि पोरं रात्री बारापर्यंत ऑनलाइन. 2023 साली इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. मोठा माणूस, त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण 70 तास म्हणजे सातही दिवस रोज दहा तास. त्यात जाणं-येणं धरा, जेवण धरा, आणि सांगा, आईला फोन कधी करायचा? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो, 35 ते 40 तास काम करणाऱ्याच्या तुलनेत. 2016 या एका वर्षात जगात 7 लाख 45 हजार माणसं अशी गेली, असा त्यांचा हिशेब. हे आकडे घाबरवायला देत नाही. "आम्ही नाही का केलं काम?" असं म्हणणाऱ्या अप्पांसाठी देतो आहोत.

अप्पा, तुम्ही केलंत, नक्की केलंत. बऱ्हाणपुरात पॉवरलूमचा खटखटाट रात्रभर चालतो, कारागिरांच्या पाठी त्यात वाकल्या. केळीच्या बागेला रात्री दोनला लाईट आली की दोनला पाणी सोडलंत, थंडीत, सापा-विंचवात. नेपानगरच्या कागद कारखान्यात पाळ्या केल्यात. पण पाळी संपली की माणूस घरी यायचा आणि कारखाना त्याच्या मागे घरी यायचा नाही. लाईट गेली की बागेतून परत येता यायचं. आजच्या पोराच्या खिशात कारखाना आहे. उशाशी घेऊन झोपतो तो त्याला. त्याची पाळी संपल्याचा भोंगाच होत नाही.

आणि हा नुसता थकवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये याची तीन लक्षणं सांगितली. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन उडून जाणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. हा आजार नव्हे, कामाच्या जागी फार काळ साचलेल्या ताणाचा परिणाम आहे, असंही सांगितलं. इंग्रजीत याला बर्नआउट म्हणतात, जळून जाणं. आपल्याला ते लालबागच्या कुंडी भंडाऱ्यावरून जास्त चांगलं कळेल.

कुंडी भंडारा 1615 सालचा, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळातला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून झिरपत तापीकडे जातं. ते मधेच भुयारात धरलं आणि उतारानं कुंडीतून कुंडीत नेलं. शंभरावर कुंड्या, आणि पंप एकही नाही. चारशे वर्षं चाललं, कारण जेवढा पाझर तेवढंच पाणी घेतलं. आता आपल्या केळीच्या पट्ट्यात बोअर किती खाली गेले ते शेतकऱ्याला सांगायला नको. पंप आहे म्हणून उपसा वाढतो, पाझर काही त्याच्याबरोबर वाढत नाही. आणि पाझर आटला की मग नुसती मोटर फिरते, गरम होते, जळते. आपण मोटर बदलतो. मुलाला म्हणतो, "दुसऱ्या कंपनीत बघ, तिथे जास्त देतात."

साध्या थकव्याला एक रात्र झोप पुरते. पाझर आटलेल्याला रविवार पुरत नाही. रविवारी दुपारी चारलाच त्याच्या पोटात गोळा येतो, उद्या सोमवार म्हणून. हे ऐकलं की आळस समजू नका.

आता आपल्या उत्तरांविषयी थोडं बोलू, कारण आपल्या हातात तेवढंच आहे. कंपनी आपण बदलू शकत नाही. मुलगा म्हणतो, "आई, होत नाही आता." आपली उत्तरं ठरलेली असतात. सगळ्यांनाच टेन्शन असतं. अमक्याचा मुलगा बघ, दोन वर्षांत टीम लीडर झाला. फ्लॅटचे हप्ते आहेत, जरा दम धर. आणि सत्संगी घरांतलं खास उत्तर: नामस्मरण कमी पडतंय तुझं. कुणी गीता काढतं: कर्म करत राहा, फळाची आशा नको. हे तर आता साहेब लोकही पगारवाढ मागितल्यावर ऐकवतात म्हणे!

गीता काढायचीच असेल तर पहिल्या पानापासून काढू. गीतेचा पहिला अध्यायच मुळी मोडून पडलेल्या कर्तबगार माणसाचा आहे. अर्जुन म्हणजे त्या काळचा सगळ्यांत मोठा प्रोफेशनल. तो सांगतो, अंग गळून गेलंय, तोंड कोरडं पडलंय, शरीर कापतंय, कातडीची आग होते, हातातलं धनुष्य सुटतंय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. ही यादी आज कुठल्याही डॉक्टरांपुढे ठेवा, ते काय म्हणतील? आणि भगवंत? ते ऐकत होते. अर्जुन बोलून धनुष्य टाकून रथात बसेपर्यंत त्यांनी मधे एक शब्द बोललेला नाही.

पुढं गंमत आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंत बोलू लागतात तेव्हा पहिले दोन श्लोक दटावणीचेच आहेत. हे काय भलतंच, हे तुला शोभत नाही, ऊठ. म्हणजे आपलंच उत्तर! पण त्याचा उपयोग झाला का? नाही. अर्जुनानं पुन्हा तेच सांगितलं, मी लढणार नाही म्हणाला, आणि गप्प बसला. साक्षात भगवंतांच्या दटावण्यानं थकलेला माणूस उठला नाही. तिथं आपल्या दटावण्यानं मुलगा कसा उठेल? मग भगवंतांनी पद्धत बदलली. हसून, सावकाश, प्रश्नामागून प्रश्न घेत अठराव्या अध्यायापर्यंत बोलले. आणि शेवटी म्हणाले, सगळा विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. निर्णय त्याच्यावर सोडला. असं कुठल्या साहेबानं कधी म्हटलंय? साहेब जाऊ द्या, आपण आई-बापांनी तरी म्हटलंय?

सहाव्या अध्यायात तर भगवंत सरळ सांगतात की फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. झोप, जेवण, काम, सगळं मापात. उशिरा जेवणं आणि कमी झोप, पुण्याच्या त्या डॉक्टरांनीही हेच दोन सांगितले होते.

कृपाचार्यांकडे पुन्हा एकदा जाऊ या, कारण त्यांच्या गोष्टीचा एक भाग वर सांगायचा राहिला. सल्ला त्यांनी उत्तम दिला. पण भाच्यानं ऐकलं नाही तेव्हा तेही उठून त्याच्या मागे गेले आणि छावणीच्या दारावर उभे राहिले, आतून पळणाऱ्यांना मारायला. वडीलधाऱ्यांचं असं होतं बघा. तोंडानं म्हणायचं, "तब्येतीला जप रे," आणि त्याच आठवड्यात म्हणायचं, "अमुक स्कीममध्ये थ्री बीएचके निघालाय, बुक करून टाक." तोंडानं म्हणायचं, "लवकर झोपत जा," आणि लग्नाच्या बोलणीत पॅकेजचा आकडा आधी सांगायचा. सल्ला एकीकडे आणि पाय दुसरीकडे. लेकरं शब्द ऐकत नाहीत, पाय कुठं चाललेत ते बघतात.

म्हणून या चातुर्मासात मंत्राऐवजी एक काम द्यावंसं वाटतं. हप्त्याची वही काढा. घरकर्ज, गाडी, लग्नासाठी काढलेलं, सगळं एकदा मुलासमोर ठेवा आणि विचारा: तू सहा महिने घरी बसलास, किंवा निम्म्या पगाराची नोकरी धरलीस, तर काय थांबवावं लागेल? गाडी विकावी लागेल? फ्लॅट भाड्यानं द्यावा लागेल? धाकटीचं लग्न जरा साधेपणानं करावं लागेल? उत्तर काहीही येवो. बाप हा हिशेब करायला तयार आहे, हे पोराला कळलं तरी त्याची अर्धी रात्र सुटते. कित्येकजण नोकरी सोडत नाहीत, कारण बापाला काय सांगू हे त्यांना ठरवता येत नाही. पगारापेक्षा ते जड असतं.

आणि निर्णय रात्री नको. हे लेकरांसाठी. रात्री एकला राजीनामा लिहू नका, साहेबाला उत्तर देऊ नका, आपण कुचकामी आहोत असा निकाल स्वतःवर लावू नका. वडाखाली जागलेल्या माणसाला काय सुचलं ते वर वाचलंतच. झोपा, सकाळी बोला. झोपच येत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटणारे विचार येत असतील, तर मात्र सकाळची वाट बघू नका. घरच्यांना उठवा, कितीही वाजले असोत. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत आणि हिंदीतही बोलतात. डॉक्टरांकडे जाणं, मनाच्या डॉक्टरांकडे जाणं, यानं श्रद्धा कमी होत नाही. दात दुखला तर आपण पारायणाला बसत नाही, दाताच्या डॉक्टरांकडे जातो. आणि आई-बापांनो, अशा वेळी कृपाचार्यांचं अर्धंच वाक्य बोलू नका. "झोप" एवढं सगळेच म्हणतात. "सकाळी मी बरोबर आहे" हे त्यांनी म्हटलं होतं. पुण्याची गाडी पकडून जा. डबा घेऊन जा. दोन दिवस काही न विचारता राहा.

सेवेविषयीही बोललं पाहिजे, कुणी रागावलं तरी. रात्री आठला थकून आलेल्या सुनेला "आरतीला उभी राहा, मग पोळ्या टाक" हे गुरुसेवेत बसत नाही. आठवडाभर राबून शनिवारी रात्रीच्या बसनं आलेल्या मुलाला रविवारी पहाटे चारला सप्ताहासाठी उठवणं, हेही नाही. तो झोपला असेल तर त्याच्या उशाशी घंटा वाजवू नका. श्रीदत्तप्रभू घंटेवाचून घरात येतात. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण मोठं आहे, त्याचे नियम कडक आहेत, आणि म्हणूनच पाझर आटलेल्यावर त्याची सक्ती नको. त्याच्या वाटचं आपण करू. त्यानं नुसतं बसावं, नाहीतर नुसतं निजावं. आपल्या वारकऱ्यांना हे कळतं. वारीत चालणं ठरलेलं असतं तसाच विसावाही ठरलेला असतो. विसाव्याची जागा आली की पालखी टेकते. चुकला विसावा तर कुणी त्याला जास्त भक्ती म्हणत नाही.

वारीवरून मुक्ताई आठवली. आपल्या बऱ्हाणपुरावरून वाहणारी तापी पुढं मेहूणला जाते. तिथं मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाली असं परंपरा सांगते, आणि मुक्ताईनगरहूनच दर आषाढीला तिची पालखी पंढरीला निघते. या मुक्ताईचे ताटीचे अभंग आपण म्हणतो. प्रसंग माहीत आहे सगळ्यांना. लोकांच्या बोलण्यानं विटून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. केवढा ज्ञानी पुरुष, आणि त्यालाही दार लावून घ्यावंसं वाटलं. यात कमीपणा नाही, हे आधी लक्षात घ्या. बाहेर उभी कोण राहिली? सगळ्यांत धाकटी बहीण. तिनं दार ढकललं नाही, वडीलमाणसांना बोलावून आणलं नाही, लोक काय म्हणतील असं म्हटलं नाही. दाराशी उभी राहून ती पुन्हा पुन्हा विनवत राहिली, उघड म्हणून. तो कोण आहे याची त्याला आठवण देत राहिली.

आपल्या ग्रुपवरच्या धाकट्या बहिणींना आणि भावांना हे खास सांगणं. दादाचा "लास्ट सीन" रात्री तीनचा दिसतो तो तुम्हांलाच. तुमचं ऐकतो तो. आईला जे सांगत नाही ते तुम्हांला सांगेल. सल्ला देऊ नका, जोक पाठवा, गावाकडचा फोटो पाठवा, केळीच्या बागेत वासरू कसं शिरलं ते सांगा. तीनदा उत्तर आलं नाही तर चौथ्यांदा पाठवा.

काही सूचना. येत्या गुरुवारी आरती साडेसातला सुरू होऊन साडेआठला प्रसाद होईल, म्हणजे सकाळच्या पाळीच्या लोकांना वेळेत घरी जाता येईल. पुढच्या सप्ताहाच्या सेवेची यादी लागते आहे. नोकरी करणाऱ्या मुला-सुनांची नावं घरच्यांनी परस्पर घालू नयेत, ज्यांना यायचं ते स्वतः कळवतील. शनिवार-रविवार बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी सभागृहाच्या मागची खोली झाडून ठेवली आहे, चार गाद्या आहेत, पंखा आहे. कुणी तिथं झोपलेलं दिसलं तर उठवू नये.

जय गुरुदेव.